नाव, गोत्र आणि क्रमांक

नाशिकच्या तीर्थोपाध्यायाकडे शास्त्र किती असतं यावर वाद होऊ शकेल, पण नावं मात्र असतात. रामकुंडावरचा विधी आटोपला की यजमान आमच्या वहीत नोंद करतो: स्वतःचं नाव, वडील, आजोबा, पणजोबा, भाऊ, मुलगे, मूळ गाव. आमच्या घरात मोडीतल्या जुन्या वह्या आहेत. त्या वाचता वाचता मला अलीकडे नोंदींपेक्षा गळालेली माणसंच जास्त दिसतात. एका भेटीत तीन भाऊ, पुढच्या पिढीच्या नोंदीत दोनच. मधला वारला असं लिहिलेलं नाही, निर्वंश झाला असंही नाही. असा माणूस कुठे गेला असेल याचा आम्हा लोकांना अंदाज येतो. संन्यास, परधर्म, नाहीतर वेड.

बायकांची तर नोंदच कमी. एका पितृपक्षात भाऊ दक्षिणेचे सुटे आणायला गेलेला पाहून एक बाई पुढे सरकल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आमची एक आत्या होती. तिचंही घ्या. पण मनातल्या मनात घ्या." आत्याची बरीच वर्षं मनोरुग्णालयात गेली होती आणि शेवटही तिथेच झाला होता. आता मनातल्या मनात कसं घेणार? नाव, गोत्र, नातं यांचा उच्चार हाच तर श्राद्धाचा गाभा. मी ते पुटपुटलो. भाऊ परत आला तेव्हा आम्ही दोघं चोरी केल्यासारखे गप्प.

मुलगा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टरला असतो. तिथून काही अंतरावर सेनेका नावाच्या लांबोळक्या सरोवराकाठी विलर्ड आहे. १८६९ साली तिथे वेड्यांसाठी आश्रयस्थान सुरू झालं. पहिली रुग्ण बोटीने आली ती बेड्या घातलेल्या अवस्थेत. १९९५ मध्ये ते बंद होईपर्यंत पन्नास हजारांहून अधिक माणसं तिथे येऊन गेली. 'येऊन गेली' हे आपलं बोलायचं म्हणून, कारण कित्येक गेलीच नाहीत. बंद होताना माळ्यावर चारशेहून जास्त बॅगा सापडल्या. आत आल्या दिवशीचे कपडे, पत्रं, फोटो. परत जाताना न्यायच्या म्हणून ठेवलेल्या. त्या आता राज्याच्या संग्रहालयात आहेत.

बॅगांचं पुष्कळ कौतुक झालं, पुस्तक निघालं, प्रदर्शन भरलं. मला ओढ होती ती दफनभूमीची. मुलगा कुरकुरत घेऊन गेला. तळ्याकडे उतरत जाणारं मोठं कुरण. त्यात सुमारे ५,८०० माणसं पुरलेली आहेत आणि त्यांच्या खुणा म्हणजे क्रमांक घातलेले लोखंडी ठोकळे. गवत कापायला अडचण होते म्हणून त्यातलेही बरेच पुढे काढून टाकले. धर्म मात्र पाळला होता: प्रोटेस्टंट वेगळे, कॅथलिक वेगळे, ज्यू वेगळे. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या सैनिकांना नावाच्या शिळाही होत्या. म्हणजे वेड्याचं नाव दगडावर कोरता येतं. फक्त त्याने आधी बंदूक उचललेली असावी लागते.

यातल्या किमान दीड हजार कबरी खणल्या त्या लॉरेन्स मोका नावाच्या एका रुग्णानेच. मध्य युरोपातून आलेला, न्यूयॉर्क शहरात खिडक्या पुसणारा माणूस. मोठमोठ्याने गातो, प्रार्थना करतो, देवाचा आवाज ऐकू येतो म्हणतो, म्हणून त्याला धरलं. पुढचं अर्धं शतक तो विलर्डला राहिला आणि नव्वदीचा होऊन १९६८ मध्ये गेला. त्यालाही तिथेच, नावाशिवाय पुरलं.

हे ऐकताना मला ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू आठवले. तेही लोकांच्या लेखी वेडेच. मनाला येईल ते बोलायचे, कुणाच्याही घरात शिरायचे. पण त्यांच्यामागे म्हाइंभट होता. त्याने तेराव्या शतकात गावोगावच्या माणसांकडून आठवणी गोळा करून त्यांचं चरित्र लिहिलं. वेडातला प्रत्येक शब्द जपण्याजोगा आहे असं मानणारा एक माणूस मिळाला, आणि मराठीला एक थोर गद्यग्रंथ मिळाला. मोकाच्या वाट्याला केसपेपर आला.

एका निवृत्त शिक्षिकेने आणि तिच्या सोबत्यांनी मोकाच्या नावाचा फलक लावायचं मनावर घेतलं. राज्याचं मनोआरोग्य खातं म्हणालं, रुग्णाचं नाव गोपनीय; नातेवाइकांची संमती आणा. मोकाविषयी लिहिणाऱ्यांनाही आधी त्याचं आडनाव बदलूनच छापावं लागलं होतं. बरीच वर्षं गेल्यावर, २०१५ मध्ये त्याचं खरं नाव तिथे लागलं. बाकीचे हजारो क्रमांकच राहिले. त्याच देशात ऑरेगन राज्याने उलटं केलं. सेलमच्या सरकारी मनोरुग्णालयात सुमारे साडेतीन हजार रुग्णांच्या अस्थी तांब्याच्या डब्यांत पडून होत्या. तिथल्या सरकारने नावांची यादी जाहीर केली, ज्यांचे वारस आले त्यांना अस्थी दिल्या आणि २०१४ मध्ये उरलेल्यांचं स्मारक उभारलं.

वेदान्ताची पोथी उघडली तर वाटेल, हा खटाटोप कशाला? नाम आणि रूप हेच बंधन. संन्यासी स्वतःचं श्राद्ध स्वतः करतो आणि जुनं नाव टाकून देतो. मग विलर्डच्या कुरणातली माणसं आपसूक सुटली म्हणायची का? मी या प्रश्नाशी बराच झगडलो. उत्तर मला शास्त्रात नाही, रीतीत सापडलं. संन्याशाचं नाव दुसरा कुणी काढून घेत नाही. त्यागाला आधी ती वस्तू आपली असावी लागते. ज्याचं नाव रजिस्टरमध्ये बंद केलं आणि जमिनीवर क्रमांक ठोकला, त्याने काय टाकलं?

आमचे ग्रंथ या बाबतीत निर्दोष आहेत असं मी म्हणणार नाही. मनू आणि याज्ञवल्क्य दोघांनीही उन्मत्ताला वडिलांच्या धनात वाटा नाकारला. अन्नवस्त्र द्या म्हणाले, बस्स. पण त्याला पिंड देऊ नये असं मी कुठे वाचलेलं नाही. शस्त्राने मेलेल्याला पितृपक्षात चतुर्दशी वेगळी आहे, सवाष्ण गेलेलीला नवमी आहे. वेडाची मात्र वेगळी तिथी नाही. वेडा मेला की तो फक्त कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी आत्या. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावं, ज्यांचं कुणीच नाही त्यांना धर्मपिंड द्यावा. एवढी सोय केलेली असताना नाव माहीत असून गिळायचं, याला आधार कुठला?

मुलगा इस्पितळांच्या संगणकप्रणालीवर काम करतो. परतताना गाडीत म्हणाला, "बाबा, रुग्णाची माहिती रुग्णाची असते. उद्या कुणी आडनावावरून नातवंडांची लग्नं मोडली तर?" त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, स्थळं मोडलेली मी पाहिली आहेत. म्हणून माझं म्हणणं इतकंच की नाव सांगा, रोग सांगू नका. केसपेपर खुशाल कुलपात राहू द्या. कबरीवर आपण क्षयही लिहीत नाही आणि देवीही लिहीत नाही.

"पण वेड्यांच्याच दफनभूमीत नाव लावलं तर रोग आपोआप कळला की," तो म्हणाला. याचं चोख उत्तर माझ्याकडे नाही. गुपित कुणासाठी जपलं जातं एवढं मात्र दिसतं. मोका गेला, त्याला आता लाज वाटायची नाही. लाज जिवंतांची, आणि तिची किंमत मेलेल्याकडून वसूल होते.

हल्ली मी नोंद करताना यजमानाला विचारतो, "आणखी कुणी? आजारी होतं, बाहेर होतं, असं कुणी?" काही जण बराच वेळ गप्प राहून नाव देतात. एक जण रागावून उठले आणि पुढचा विधी त्यांनी दुसऱ्या उपाध्यायांकडे केला. मुलाचा शेवटचा आक्षेप अजून बाकी आहे: त्या माणसालाच निनावी राहायचं असेल तर? असेल, आणि तसं कुणी सांगून गेलं असेल तर तेही पाळावं. पण विलर्डमध्ये ते कुणी कुणाला विचारलं होतं?