मंत्रचळाचा दोष कुणाचा?

गॅस बंद आहे हे मला माहीत असतं. तरी अर्ध्या जिन्यातून परत येऊन मी बटण चाचपते. मग नवऱ्याला विचारते, "बंद आहे ना?" तो "हो" म्हणतो. ते 'हो' मला पाच मिनिटं पुरतं.

याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. डॉक्टर ओसीडी म्हणतात. निदानानंतर मेंदूबद्दल वाचलं, तेव्हा हायसं वाटलं. कपाळामागचा ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, आत खोलवर असलेले कॉडेट आणि थॅलॅमस यांच्या साखळीत 'काहीतरी राहिलंय' ही सूचना फिरत राहते, असं संशोधक मानतात. एकदा नवरा वैतागला, "अगं, दहाव्यांदा विचारतेयस!" मी म्हटलं, "मी कुठे, माझा मेंदू विचारतोय." तो गप्प बसला.

वाद मी जिंकले, पण ते उत्तर मलाच टोचत राहिलं. एक तर मेंदूतला फरक तितका ठळक नसतो. अनेक देशांतली स्कॅन एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढ रुग्णांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने किंचित लहान आणि पॅलिडम किंचित मोठा आढळला. हा फरक समूहांच्या सरासरीतला. एकट्या माझ्या स्कॅनवरून निदान होणार नाही. दुसरं, १९९२ मध्ये लॉस एंजेलिसच्या बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांना दिसलं, की बरं वाटू लागलेल्या रुग्णांच्या उजव्या कॉडेटमधला ग्लुकोजचा वापर कमी झाला होता. औषध घेणाऱ्यांत आणि फक्त वर्तनोपचार घेणाऱ्यांतही. म्हणजे परत न फिरता अस्वस्थता सोसणं हेसुद्धा मेंदूपर्यंत पोचतं.

मग दोष कुणाचा? भीती मी निवडली नाही, त्यामुळे दोष माझा नाही. पण त्या भीतीचं मी काय करते, कुणाला दहादा उत्तर द्यायला लावते, यात माझा थोडा वाटा उरतो. रोज सारखा नाही. काही दिवस जवळजवळ शून्य. आणि हे मी फक्त माझ्यापुरतं म्हणू शकते. हेच बाहेरच्या कुणी रुग्णाला सुनावलं, की जबाबदारीचा पुन्हा दोष होतो.

आता आमचं ठरलंय: गॅसबद्दल विचारलं तर तो उत्तर देणार नाही. काल मी विचारलं. तो काही बोलला नाही, फक्त जिन्यात थांबला. छातीत धडधडत होतं. थोड्या वेळाने आम्ही दोघं खाली उतरलो.