आपल्यासारखी माणसे



काही दिवसांपूर्वी बाळाच्या स्नानसंस्काराचा अर्ज भरायला एक तरुण आई आली होती. अर्ज भरून झाला तरी ती उठेना. मग म्हणाली, "फादर, आपल्या धर्मग्रामात आमच्यासारखा विचार करणारी कुटुंबं आहेत का?" तिला आणि तिच्या पतीला मूल मार न देता वाढवायचे आहे. भरवताना समोर मोबाइल धरायचा नाही. रडले तर उचलून घ्यायचे. घरात सासूबाई बाळाच्या जिभेला मध लावायला निघतात, शेजारीण म्हणते, "एवढं उचलू नकोस, सवय लागेल." बिचारी एकटी पडली होती.

मी काय उत्तर दिले? "अगं, आपल्या आज्यांनी सात-सात मुलं वाढवली, त्यांनी कुठलं पुस्तक वाचलं होतं?" ती हसली आणि निघून गेली. ते हसू मला टोचत राहिले. कारण आज्यांनी सात वाढवली हे खरे, पण किती पुरली हेही चर्चच्या जुन्या मृत्यू-नोंदवह्यांत लिहिलेले असते.

मधाच्या बाबतीत तिचेच बरोबर आहे. वर्षाच्या आतील बाळाला मधातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. मोबाइलचेही तसेच. वर्षाच्या आतील मुलाला पडदा नकोच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. माराविषयी मी स्वतःचेच सांगतो. छडीने मला खरे बोलायला शिकवले नाही, चूक लपवायला शिकवले. आई-वडील हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली म्हटले. मग तिने आपल्या मतावर ठाम राहू नये, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

तरीही तिच्या प्रश्नातला एक शब्द मला अडतो, 'आमच्यासारखा'. सेमिनरीत आम्हांला ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र होते. त्याच्या नवव्या भागात तो एकोप्याविषयी लिहितो. आकाशातील ग्रहताऱ्यांविषयी दोघांचे मत जुळले, तर त्याला तो एकोपा म्हणत नाही. एकत्र जगण्यातल्या मोठ्या गोष्टींत ज्यांना एकच हवे असते आणि जे त्यासाठी मिळून हात लावतात, त्यांच्यात एकोपा असतो. आता त्या सासूबाईंकडे पाहा. बाळाला ताप आला, तर रात्रभर खांद्यावर घेऊन फिरणार कोण? मधाविषयी सुनेशी त्यांचे पटत नाही, बाळाविषयी मात्र दोघींना एकच हवे आहे. उलट सगळी मते जुळणारी मैत्रीण अशा रात्री येईलच असे नाही.

लूकच्या शुभवर्तमानात (२:४१-५१) बारा वर्षांचा येशू यरुशलेममध्ये मागे राहतो. मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून जातात. तो सोबतच्या लोकांत असेल, असे त्यांना वाटते. पूर्वी मला हा हलगर्जीपणा वाटे. आता वाटते, दिवसभर मुलगा दिसला नाही तरी आईला घोर लागू नये, इतका त्या सोबत्यांवर भरवसा होता! आणि हे सोबती काही निवडून घेतलेले नव्हते, नातलग आणि ओळखीचेच होते. पुढे त्याच नाझरेथच्या लोकांनी येशूला कड्यावरून लोटायला नेले, हेही लूकच सांगतो. शिवाय त्या दिवशी त्या गर्दीत मुलगा सापडला नाहीच. माघारी वळून शोधायला आई-बापांनाच जावे लागले. पण तो सापडल्यावर ते तिघे परत नाझरेथलाच गेले.

मी तिला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "माफीचं राहू द्या फादर, मधाचं तेवढं आमच्या आईंना तुम्ही सांगाल का?" मग एका संध्याकाळी गेलो. सासूबाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले, मधाची बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि विचारले, "बरं फादर, तुम्ही किती पोरं वाढवलीत?"

सून हसली, या वेळी अगदी मनापासून. बाळ आजीच्या खांद्यावर झोपले होते.

तुमचा धर्मगुरू