शिक्षा सारखी, झळ वेगळी

घोडबंदर रोडवर सिग्नल तोडणारा मोटारमालक आणि कल्याण स्टेशनबाहेर रिक्षांच्या गराड्यातून बस काढताना तीच चूक करणारा केडीएमटी या महापालिका बससेवेचा चालक, दोघांचं लायसन्स तीन महिने निलंबित झालं, तर न्याय समान झाला का? एकाची गाडी दारात उभी राहते, दुसऱ्याचा पगार थांबतो. याज्ञवल्क्य स्मृतीने दंड देताना देश, काळ, बळ, वय, कर्म, वित्त पाहायला सांगितलं (स्मृतिकार वर्णही पाहत, हे लपवण्यात अर्थ नाही). 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 19सुद्धा चालकाचं म्हणणं ऐकून, कारणं लेखी नोंदवून आदेश काढायला सांगतं. त्याविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येतं.

बसमध्ये पन्नास जीव असताना पोटाची सबब कसली, असं कुणी म्हणेल. खरंच आहे, दारू पिऊन स्टिअरिंगवर बसणाऱ्याला उपजीविकेच्या नावाने सूट नको. पण सुनावणी म्हणजे माफी नव्हे. ब्रेक कमजोर असलेली बस डेपोनेच दिली होती का, हे चालकाला विचारल्याशिवाय कसं कळणार? न विचारता काढलेला आदेश डेपोला अलगद सोडवतो. शिवाय उपजीविका हा नुसता दयेचा विषय नाही: 1985मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका जगण्याच्या हक्कात धरली. तो वाद मुंबईच्या फूटपाथवरच्या झोपड्यांचा होता, आणि नोटीस न देता त्या हटवता येतात का, हाही त्यातला मुद्दा होता.