बाईंचं गाणं आणि हरलेला देश

मागच्या वर्षी आमच्या टीममधल्या चार जणांना एकाच दुपारी कामावरून काढलं. दहा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, लगेच लॅपटॉपचा अ‍ॅक्सेस बंद. माझं नाव यादीत नव्हतं. माझ्या शेजारी बसणारा पोरगा ड्रॉवरमधलं सामान सॅकमध्ये भरत होता. मी हेडफोन चढवले आणि उम्म कुलसूमचं 'इन्ता उमरी' लावलं. गाणं तासाभराचं आहे. सुरुवातीला कितीतरी वेळ नुसतीच वाद्यं वाजतात, बाई तोंडही उघडत नाहीत. ते संपेपर्यंत शेजारची खुर्ची मोकळी झाली होती.

मला अरबी येत नाही. 'उमर' हा शब्द तेवढा ओळखीचा, कारण तो आपल्याकडेही फारसीतून आलाय. 'तू माझं आयुष्य आहेस' असा त्या नावाचा अर्थ. रात्रीच्या ऑन-कॉल ड्यूटीत, सर्व्हरवर डोळा ठेवून बसताना हे गाणं मला सापडलं आणि सवयीचं झालं. त्या दुपारनंतर मात्र ते लावलं की पोटात काहीतरी टोचायला लागलं. आपण ऐकतोय की लपतोय?

मग वाचत गेलो, तेव्हा कळलं की हा प्रश्न १९६७ साली एका अख्ख्या देशाला पडला होता. आणि तोही याच बाईंमुळे.

'बाई' मी उगाच म्हणत नाही. इजिप्तमध्ये त्यांना 'अस्-सित्त' म्हणत, म्हणजे अक्षरशः 'बाई'. आपल्याकडे मोठ्या गायिकांना म्हणतात ना, तसंच. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका लहान खेड्यात त्यांचा जन्म झाला. जन्मसाल नक्की नाही, कुणी १८९८ सांगतं, कुणी १९०४. वडील गावातल्या मशिदीचे इमाम, लग्नकार्यात धार्मिक गाणी म्हणून चार पैसे जोडणारे. मुलीचा आवाज त्यांच्या लक्षात आला, पण मुलीनं चारचौघांत गाणं बरं दिसत नाही, म्हणून तिला मुलाचे कपडे घालून गायला उभी करत. १९२० च्या दशकात हे कुटुंब कैरोला आलं, आणि पुढच्या काही वर्षांत अहमद रामींसारखा कवी, अल-कसबगी आणि रियाद अल-सुनबातींसारखे संगीतकार त्यांच्यासाठी काम करू लागले.

१९३४ साली इजिप्तचा सरकारी रेडिओ सुरू झाला. बाईंचे गुरुवारचे मासिक जलसे त्यावरून थेट प्रसारित व्हायला लागले आणि हे काही दशकं चाललं. त्या रात्री कैरोचे रस्ते ओस पडत, असं सगळेच सांगतात. मोरोक्कोपासून इराकपर्यंत लोक रेडिओभोवती बसत. एका रात्रीत दोन-तीन गाणी, बस्स. मध्यरात्र उलटून जाई.

दोन-तीन गाण्यांना एवढा वेळ कसा लागतो, हे कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. अरबी संगीतात 'तरब' नावाची गोष्ट आहे. गाण्यानं ऐकणाऱ्याचं भान हरपणं, पण एकट्याचं नाही, गायक आणि श्रोते मिळून. बाई एक ओळ म्हणत. सभागृहातून आरोळी येई, पुन्हा! त्या पुन्हा म्हणत, पण तशीच नाही. एखाद्या शब्दावर थांबून, सूर किंचित सरकवून, एखादी मात्रा लांबवून. परत आरोळी, परत तीच ओळ, परत वेगळी. गाणं किती लांबेल हे त्या रात्री समोर बसलेले लोक ठरवत. म्हणून एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं सारखी निघत नाहीत. ज्या पिढीला तीस सेकंदांत रील बदलायची सवय आहे (माझ्यासकट), तिला हे आधी कंटाळवाणं वाटतं. विसाव्या मिनिटाला काहीतरी होतं. ते मला शब्दांत सांगता येत नाही, आणि सांगायचा हट्टही नाही.

तर, जून १९६७. सहा दिवसांचं युद्ध. रेडिओवर विजयाच्या बातम्या चालू असताना इजिप्तचं बहुतेक विमानदळ पहिल्याच दिवशी जमिनीवर जळून गेलं होतं. सिनाई गेलं. नासर यांनी राजीनामा दिला आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर तो मागे घेतला. मग सुरू झाली दोषी शोधायची घाई. त्यात एक बोट बाईंकडे वळलं. डाव्या विचारांच्या तरुणांचं म्हणणं असं की या बाईनं देशाला गुंगीत ठेवलं. दर महिन्याला विरहाची तासतासभर गाणी ऐकून डोलणारा समाज लढणार काय आणि प्रश्न विचारणार काय?

आरोप ऐकायला जोरदार आहे. आणि माझ्या हेडफोनवर तो अगदी फिट बसतो.

पण जरा थांबून पाहिलं की तो कुठेतरी चुकतोय असं वाटतं. गुंगीतला माणूस 'पुन्हा, पण वेगळं' असं म्हणत नाही. ती ओळ सहाव्यांदा ऐकताना पाचव्यांदापेक्षा काय बदललं हे ज्याला कळतं, तो झोपलेला नसतो. उलट तो पराकोटीचा जागा असतो. आणि त्या सभागृहात त्याच्या जागेपणाला किंमत होती. तो ओरडला तर वर उभी असलेली बाई आपलं गाणं बदलत होती. त्याच माणसाला त्याच रेडिओवरून नासर यांचं भाषण ऐकताना 'थांबा, हे वाक्य परत सांगा, पटलं नाही' असं म्हणायची सोय नव्हती. देश बहिरा झाला असेल तर तो भाषणांच्या बाजूनं झाला. गाण्यानं कान तयारच केले होते, त्यांचा उपयोग दुसरीकडे करायला बंदी होती.

इथपर्यंत मी बाईंचा वकील. यापुढे जरा अवघड आहे.

कारण बाईंना सत्तेच्या जवळ राहायची कला उत्तम अवगत होती. १९४४ साली राजा फारुकनं त्यांना मोठा किताब दिला. १९५२ च्या क्रांतीनंतर राजाची गायिका म्हणून त्यांची गाणी रेडिओवरून काही काळ गायब झाली आणि खुद्द नासर यांनी मध्ये पडून ती परत आणवली, अशी गोष्ट सांगतात. १९५६ च्या सुएझ संघर्षात त्यांनी गायलेलं युद्धगीत १९६० पासून देशाचं राष्ट्रगीत झालं. म्हणजे राष्ट्रगीत ज्यांच्या आवाजात लोकांनी आधी ऐकलं, त्याच या बाई. लहानपणी कार्यक्रम देणाऱ्यांना चालेल तो पोशाख अंगावर चढवायला त्या शिकल्या होत्या. मला वाटतं ते शिक्षण आयुष्यभर पुरलं.

यावर अहमद फुआद नग्म या कवीनं नेमकं बोट ठेवलं. बाईंच्या बंगल्याजवळ त्यांचा कुत्रा एका विद्यार्थ्याला चावला, आणि कुत्रा कुणाचा आहे हे पाहून प्रकरण मिटलं, यावर त्याची एक उपरोधिक कविता आहे. अंध गायक शेख इमाम तिला चाल लावून गायचा. कैरोच्या गल्लीत राहणाऱ्या या जोडगोळीला पुढे गाण्यांपायी तुरुंगात जावं लागलं. बाईंवर ती वेळ कधी आली नाही. माझ्या मते खरा आरोप हा आहे. लोकांना गुंगी आणल्याचा नाही, तर स्वतः कायम सुरक्षित राहिल्याचा. माझं नाव यादीत नव्हतं, तसं त्यांचंही कुठल्याच यादीत नव्हतं.

आणि तरीही पराभवानंतर त्यांनी जे केलं ते मला सोडत नाही. तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या, तब्येत बरी नव्हती. घरी बसल्या असत्या तर कुणी काही म्हणालं नसतं. त्यांनी आधी देशात आणि मग देशाबाहेर कार्यक्रम करायला सुरुवात केली आणि मिळकत सरकारी तिजोरीत दिली. नोव्हेंबर १९६७ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात दोन रात्री गायल्या. पुढे ट्युनिशिया, लिबिया, मोरोक्को, सुदान, कुवेत. पॅरिसला त्यांनी 'अल-अतलाल' गायलं. नाव 'अवशेष', कविता डॉक्टरकी करणाऱ्या इब्राहिम नाजींची, संगीत सुनबातींचं. गाणं प्रेमाचं आहे, पण त्यात प्रेमाच्या बेड्यांतून सुटका मागणारा भाग येतो, आणि हरलेल्या देशाच्या लोकांना तो ऐकताना काय वाटलं असेल ते सांगायला नको. एक श्रोता मंचावर चढून त्यांचे पाय धरायला गेला, त्या ओढाताणीत बाई पडल्या. उठल्या आणि पुढे गात राहिल्या.

आता तो पैसा कुणाला गेला? ज्या सरकारनं आणि सेनापतींनी देश खड्ड्यात घातला, त्यांनाच. नग्म असता तर हसला असता; बहुतेक हसलाच असेल. पण मला दुसरीही बाजू दिसते. आपल्या गाण्यावर आरोप झाला तेव्हा बाईंनी गाण्याचा खुलासा दिला नाही. ज्या गोष्टीत त्या तरबेज होत्या ती घेऊन त्या घराबाहेर पडल्या. ते पुरेसं होतं का? नाही. काहीच न करण्याएवढं होतं का? तेही नाही.

३ फेब्रुवारी १९७५ ला त्या गेल्या. अंत्ययात्रेत लोकांनी शवपेटी नेणाऱ्यांच्या खांद्यांवरून काढून घेतली आणि हातोहात, आपल्याला हव्या त्या रस्त्यानं नेली. सरकारी आखणी बाजूला राहिली. निदान त्या एका दिवशी सभागृहातली सवय रस्त्यावर आली होती.

शेजारच्या पोराला मी तीन आठवड्यांनी फोन केला. एवढा उशीर का, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो चांगलं बोलला, दोन इंटरव्ह्यू झाल्याचं म्हणाला. मी अडखळत त्या दुपारचा विषय काढला. "हो, तू हेडफोन लावलेस ते पाहिलं मी," तो म्हणाला. मग दोघंही थोडा वेळ गप्प. मी त्याला विचारलं, रेझ्युमे पाठवतोस का, माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकतो. त्यानं त्याच रात्री पाठवला.