ताडपत्रीची दोरी

बँकॉकमधल्या सेन सेप कालव्यावरच्या बोटीत कडेची जागा मिळाली की नवख्या माणसाला आनंद होतो. मलाही झाला. ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर तिथे होतो, रविवार मोकळा होता, आणि जुन्या शहरात जायला ही बोट सगळ्यात सोयीची असं हॉटेलवाल्याने सांगितलं होतं. असोकच्या धक्क्यावर चढलो, प्रतूनामला सगळ्यांबरोबर उतरून बोट बदलली आणि पळत जाऊन कड पकडली.

कडेच्या जागेबरोबर एक काम येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बोटीच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची ताडपत्री असते आणि ती वर ओढायला दोऱ्या असतात. समोरून दुसरी बोट आली की लाट उसळते. कालव्याचं पाणी काळं, वास मारणारं. शहराचं सांडपाणी त्यात येतं. ते अंगावर येऊ नये म्हणून कडेला बसलेल्याने दोरी खेचायची आणि बोट जाईपर्यंत धरून ठेवायची. मग सोडायची. पूल ठेंगणा असला तर बोटीचं छतच खाली येतं, तेव्हा सगळे माना खाली घालतात. तिकीट काढणारे लोक हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या काठावरून, दोराला धरून चालत असतात. 1990पासून ही सेवा चालू आहे. रोज कामाला जाणाऱ्यांसाठी ती आहे, माझ्यासारख्यांसाठी नाही.

हुआ चांगच्या धक्क्यानंतर उजव्या हाताला बान ख्रुआ लागतं. लाकडी घरं, पत्रे, कुंड्या, वाळत घातलेले कपडे, पाण्यापासून हातभर अंतरावर खिडक्या. एका खिडकीत एक बाई तांदूळ निवडावेत तशी मान घालून काहीतरी करत होती. मी एका हातात दोरी धरली होती. दुसऱ्या हाताने फोन काढला, नीट दिसेना, म्हणून दोरी सोडली. फोटो निघाला. त्याच क्षणी समोरची बोट शेजारून गेली.

माझ्यावर थोडंसं आलं. मागच्या बाकावर एक बाई आणि सहा-सात वर्षांची मुलगी होती. मुलीच्या तोंडावर आणि कपड्यांवर पाणी गेलं. मी ‘खोथोत’ म्हणालो, माझ्याकडे असलेला थाई भाषेचा तेवढाच साठा. बाईने रुमालाने मुलीचं तोंड पुसलं, ओठ दोनदा पुसले, मग पुढे वाकून माझ्या बाजूची दोरी हातात घेतली आणि शेवटच्या धक्क्यापर्यंत सोडली नाही. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

बघण्याचा हक्क नेमका कशाने मिळतो, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे. तिकिटाने? दहा-वीस बाटमध्ये मी प्रवास विकत घेतला होता, त्या खिडक्या नव्हे.

पहिला बचाव मी असा केला. हा कालवा तिसऱ्या रामाच्या हुकमाने 1837मध्ये खणायला घेतला. व्हिएतनामशी संघर्ष चालू होता आणि कंबोडियाच्या दिशेने सैन्य आणि रसद न्यायला जलमार्ग हवा होता. तेव्हा शहराचे रस्ते म्हणजे पाणीच. युरोपीय धाटणीचा पक्का रस्ता, चारोएन क्रुंग, आला 1860च्या दशकात. त्याआधी घराचं तोंड पाण्याकडे असायचं. पाहुणा, भाजीवाली, सगळे बोटीने यायचे. मग रस्ते झाले आणि घरं जागची न हलता त्यांची पुढची बाजू मागची झाली. म्हणजे मी कुणाच्या परसदारी डोकावत नव्हतो, जुन्या अंगणातून जात होतो. युक्तिवाद देखणा आहे आणि खोटा आहे. आज त्या बाईसाठी ती खिडकी मागचीच आहे. दीडशे वर्षांपूर्वीचं अंगण मला आज आत बघायची परवानगी देत नाही.

दुसरा बचाव जास्त टिकला. माझ्या आजीची चाळ मध्य रेल्वेच्या रुळांना लागून होती. खिडकीतून गाडीतले चेहरे दिसायचे आणि अर्थात चेहऱ्यांना आम्ही दिसायचो: जेवताना, भांडताना, आजोबांचं आजारपण चालू असताना. आजी खिडकी लावायची नाही. फक्त सिग्नल न मिळाल्यामुळे गाडी थांबली की उठून पडदा ओढायची. “पळती गाडी काय बघणार?” म्हणायची. तिच्या हिशेबात नजरेचा गुन्हा वेळेवर मोजायचा होता. क्षणभर दिसलं ते दिसलं. थांबून बघितलं तर ते बघणं. मला हा हिशेब कुठल्याही तत्त्वज्ञाच्या मांडणीइतकाच पक्का वाटतो. आणि त्याच हिशेबाने मी दोषी ठरतो, कारण माझी बोट धावत होती पण फोटो थांबतो. आता मी ती खिडकी दोन बोटांनी मोठी करून हवा तितका वेळ बघू शकतो. कॅमेरा म्हणजे प्रत्येक गाडीला सिग्नल न मिळणं.

पण बान ख्रुआला नुसतं ‘बघितलं गेलेली वस्ती’ म्हणणंही बरोबर नाही. हे चाम मुसलमान. पहिल्या रामाच्या बाजूने लढल्याबद्दल त्यांच्या पूर्वजांना ही जमीन मिळाली. रेशीम विणणं हा त्यांचा धंदा. दुसऱ्या महायुद्धानंतर जिम थॉम्पसन या अमेरिकनाने त्यांच्याकडून रेशीम विणून घेऊन ते जगभर विकलं आणि 1959मध्ये कालव्याच्या पलीकडच्या काठावर, त्यांच्या बरोबर समोर, स्वतःचं घर थाटलं. जुनी सागवानी घरं आणून, जोडून. त्यातलं एक बान ख्रुआमधलंच. 1967मध्ये मलेशियात फिरायला गेला असताना तो नाहीसा झाला, घराचं संग्रहालय झालं. तिथे मला सगळ्यात चमत्कारिक वाटली ती एक गोष्ट: थॉम्पसनने भिंती उलट्या बसवल्या आहेत. बाहेरची बाजू आत. ज्याला स्वतःच्या दिवाणखान्यात बसूनही घर बाहेरून बघायचं होतं, त्याच्याशी माझं फारसं वैर असायचं कारण नाही. मीही त्याच जातीचा.

समोरच्या लोकांनी मात्र, 1980च्या दशकाच्या अखेरीस एक्स्प्रेसवेचा जोडरस्ता वस्तीवरून न्यायचं ठरलं तेव्हा, वर्षानुवर्षं लढून तो अडवला. तेव्हा त्यांना दिसायचंच होतं. सरकारी नकाशावर ते दिसत नव्हते हीच तक्रार होती. म्हणजे न दिसणं हे दर वेळी संरक्षण नसतं. पुण्यात 2018च्या सप्टेंबरमध्ये मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी शिरलं. त्या कालव्याच्या आसपासच मी लहानाचा मोठा झालो, आणि तिथे किती घरं होती हे मला त्या दिवशीच्या बातम्यांत कळलं. तिथे मी कधी वळून बघितलं नव्हतं, आणि इथे परक्या शहरात मुलीच्या तोंडावर पाणी उडेपर्यंत बघत होतो. या दोन्हींत जास्त वाईट काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

परतताना पान फा लिलातच्या धक्क्यावर पुन्हा कडेचीच जागा आली. बदलून घेता आली असती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, मांडीवर भाजीची पिशवी. मी दोरी मनगटाला एक वेढा देऊन धरली. समोरून बोटी येतच होत्या, मग प्रत्येक वेळी सोडायची आणि ओढायची खटपट नको म्हणून ती वरच ठेवली. डोळ्यांपुढे निळं प्लास्टिक, त्याच्या वरच्या फटीतून आकाशाची पट्टी, आणि पलीकडून काठावर चालणाऱ्या कंडक्टरची सावली. थॉम्पसनच्या घरासाठी हुआ चांगला उतरायचं होतं, तो धक्का कधी आला आणि गेला कळलंच नाही. प्रतूनामला उतरलो आणि भर उन्हात चालत मागे आलो.