मुरलेल्या चवी

कोरियातल्या साध्या घरात रोज काय जेवतात? वाडगाभर चिकट भात, एक गरम सूप, आंबवलेल्या कोबीची किमची आणि मध्ये मांडलेल्या दोन-चार वाट्या. एका वाटीत उकळत्या पाण्यातून काढून पिळलेला पालक असतो, त्याला तिळाचं तेल, लसूण आणि मीठ चोळलेलं. दुसरीत सोयाबीनचे लांब कोंब. तिसरीत तेल-मीठ लावून भाजलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ कागद. या वाट्यांना बान्चान म्हणतात. त्या कुणा एकाच्या नसतात, सगळे त्यातूनच घेतात. पालकाला चुलीवर मिनिटभर पुरतं, सूप अर्ध्या तासात होतं. तरीही ते जेवण भरीव लागतं, कारण त्याचं बरंचसं काम मागच्या वर्षीच होऊन गेलेलं असतं.

ते काम सुरू होतं सोयाबीनपासून. सुगी झाली की सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा थापतात. या विटा म्हणजे मेजू. भाताच्या पेंढ्याने बांधून त्या टांगून ठेवतात. पेंढ्यातले आणि हवेतले सूक्ष्म जीव त्यांत वस्तीला येतात, विटांवर बुरशी चढते, घरभर उग्र वास पसरतो. हिवाळा सरता सरता त्या विटा मातीच्या मोठ्या रांजणात मिठाच्या पाण्यात सोडतात, वर कोळसा आणि वाळलेल्या लाल मिरच्या तरंगत ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पाणी वेगळं काढलं की तो झाला कान्जांग, म्हणजे कोरियन सोया सॉस. खाली उरलेला लगदा पुन्हा मुरत ठेवला की दोएन्जांग. मीठ, पाणी, सोयाबीन एवढ्यावर एका स्वयंपाकघराच्या दोन मुख्य चवी उभ्या राहतात. तिसरी गोचुजांग: मिरचीपूड, चिकट तांदूळ, मेजूची पूड आणि मीठ यांची लाल, गोडसर, तिखट लापशी. तीही मुरवूनच होते.

आपल्याकडेही लातूर, विदर्भात शिवारंच्या शिवारं सोयाबीनची असतात. आपलं बहुतेक सोयाबीन तेलाच्या गिरणीत जातं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. ज्या दाण्याकडे आपण बाजारभाव म्हणूनच पाहतो, त्याला कोरियाने शतकानुशतकं एवढा वेळ दिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हा वेळ नुसता जात नाही. ओंगी नावाचे ते मातीचे रांजण भाजताना त्यांत बारीक छिद्रं राहतात, त्यांतून हवा आत-बाहेर होते. ऊन असेल त्या दिवशी झाकण उघडायचं, संध्याकाळी लावायचं, पावसाचा थेंब जाऊ द्यायचा नाही. जुन्या घरांत असे रांजण ठेवायला अंगणात वेगळा ओटाच असे. काही घराणी जुना कान्जांग कधी संपू देत नाहीत. आपल्या विरजणासारखा तो राखून त्यात दरवर्षी नवा मिसळतात. २०१७ साली अमेरिकेचे अध्यक्ष सोलला गेले, तेव्हा सरकारी मेजवानीतल्या मांसाला ३६० वर्षं असा चालत आलेला कान्जांग वापरला होता. तो ज्यांनी प्रथम रांजणात भरला आणि ज्यांनी त्या दिवशी चाखला, त्यांच्यामध्ये कितीतरी पिढ्यांनी ऊन पाहून झाकण उघडलं असेल. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

किमचीचंही तसंच. थंडीच्या तोंडावर घरचे, शेजारचे एकत्र बसतात. मिठात मुरवलेल्या कोबीच्या पानापानांत मिरचीपूड, लसूण, आलं, मुळ्याचा कीस आणि खारवलेली बारीक कोळंबी भरतात. तेल नाही, व्हिनेगर नाही. आंबटपणा आपसूक येतो. या सामुदायिक कामाला किमजांग म्हणतात. त्याची नोंद युनेस्कोच्या वारसा यादीत २०१३ साली झाली, सोयाबीन मुरवण्याच्या परंपरेची २०२४ साली. किमचीचा लाल रंग मात्र फार जुना नाही. मिरची तिथे पोचली ती साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरीस. त्याच शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवली. त्याआधीच्या किमचीत मिरची नसे.

आता शहरांत उंच इमारती आहेत, अंगण नाही. १९९५ पासून किमचीसाठी खास फ्रिज घरोघरी आले. बहुतेक लोक दोएन्जांग आणि गोचुजांग दुकानातूनच आणतात. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. नोकरी करून घर चालवणाऱ्या बाईने विटाही थापाव्यात, हा आग्रह कुणी धरू नये. मुरलेल्याची कदर मात्र टिकून आहे: किमची फार आंबली तरी ती टाकत नाहीत, टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर घालून तिचाच झणझणीत रस्सा करतात, आणि त्याला जुनी किमचीच लागते.

आपल्याकडे हे पदार्थ आता मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळतात. शाकाहारी माणसाने डबा वाचून घ्यावा, कारण किमचीत सहसा कोळंबी किंवा मासळी असते आणि सूपही बऱ्याचदा सुक्या मासळीच्या पाण्यात होतं. सुरुवात दोएन्जांगपासून करावी. तो चमचाभर घेऊन पाण्यात कालवून बटाटा, कांदा, दुधी आणि टोफूच्या रश्शात सोडावा. मीठ शेवटी, चाखून.