बापाचे सुतक

पंचांगाच्या मागील पानांवर अशौचनिर्णय छापलेला असतो. आपल्या घरांत पंचांग सहसा नसते, तरी हे पान एकदा वाचून पाहावे. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो ‘स्राव’, पाचव्या-सहाव्यात गेला तर ‘पात’. स्रावात मातेला काही दिवसांचे अशौच; पित्याची शुद्धी मात्र केवळ स्नानाने. शास्त्रकारांपुढे प्रश्न शुद्धाशुद्धतेचा होता, शोकाचा नव्हता, हे मान्य. परंतु मराठी घरात, मग ते कोणत्याही धर्माचे असो, अशा प्रसंगी पुरुषाच्या वाट्याला शोकही जवळजवळ तेवढाच येतो. एक आंघोळ करावी आणि कामाला लागावे.

ही घटना दुर्मीळ नाही. लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा ते वीस अशा संपतात, त्याही बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांत. आणि त्यांतील सुमारे निम्म्यांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते. म्हणजे पुष्कळदा कोणाचीच चूक नसते. तरीही आल्यागेल्याचा प्रश्न ठरलेला असतो : “वहिनी कशा आहेत?” तो विचारलाच पाहिजे. पण उत्तर देणाऱ्याचेही काही गेले आहे, हे विचारणाऱ्याच्या मनात येत नाही.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) आपल्या वाचकांना आठवते ते जानेवारी 2020 मधील साहित्य संमेलनामुळे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. जानेवारी म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. त्या दिवसांत जिल्ह्यातील भूम, वाशी, कळंब या भागांतल्या कित्येक घरांना कुलूप असते. माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. तिथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती त्या जोडीच्या नावावर. तोडायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची, हे काम दोघांचे. काम चुकले की ‘खाडा’, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

अशा फडावर बाईचा गर्भ गेला, तर ती कोपीत पडून असते आणि तो पहाटे एकटाच फडात जातो. बघणारा म्हणेल, काय निबर माणूस आहे! मला तसे वाटत नाही. उचल घेताना बायकोच्या अंगातले बळ त्यानेच शब्दात बांधून दिलेले असते. त्यामुळे त्याच्या दुःखात एक हिशेब मिसळलेला असतो. मूल गेले एवढेच त्याला सलत नाही. आपण तिला इथे आणले, हेही सलते. आणि दुःख बोलायला जावे तर हा हिशेबही बोलावा लागेल. पुरुषाच्या ज्या मौनाला आपण ‘धीर’ म्हणतो, त्यात अशी भीती किती असते, हे आपण तपासत नाही. अर्थात दोष एकट्या त्याचा म्हणणे अन्यायाचे होईल. कर्ज, कोरडवाहू जमीन, मुकादम, कारखाना, आणि साखर खाणारे आपण, असे पुष्कळ वाटेकरी आहेत.

कायद्यानेही त्याला जमेस धरलेले नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. ती उसाच्या फडापर्यंत क्वचितच पोहोचते. पित्याचा तर उल्लेखच नाही. न्यूझीलंडने मार्च 2021 मध्ये अशा प्रसंगी जोडीदारालाही तीन दिवसांची शोकरजा दिली. तीन दिवसांनी काय होते, असे कोणी म्हणेल. पण तुझेही काही गेले, एवढे तरी त्यात कबूल केलेले आहे.

आपल्याकडे दाविद राजाचा दाखला दिला जातो. मूल आजारी असता तो उपाशी राहिला, जमिनीवर पडून राहिला. आणि ते गेल्याचे कळताच उठला, स्नान केले, जेवला. पाहा, पुरुषाने असे असावे! ते मूल जन्मलेले होते, हा फरक आहेच. परंतु शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथातील हा अध्याय लोक अर्धाच वाचतात. मुलाकडे आपण एक दिवस जाऊ, हे त्याने बोलून दाखवले. पुढे त्याने बथशेबेचे सांत्वन केले. आणि मुख्य म्हणजे, ‘मी पाप केले आहे’ ही कबुली त्याने आधीच दिली होती. त्याचे स्नान त्या कबुलीनंतरचे आहे. आपण स्नान तेवढे उचलले.

बाप्तिस्म्याविना गेलेल्या जिवाचे काय, हा घोर जुन्या पिढीतल्या बापांनी मुकाट्याने वाहिला. ‘लिंबो’ हा ख्रिस्तसभेचा घोषित सिद्धान्त कधीच नव्हता. 2007 साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर आधार असल्याचे मांडले. 1983 च्या धर्मविधी संहितेतील कलम 1183 नुसार, ज्याला बाप्तिस्मा देण्याचा आईबापांचा मानस होता अशा बालकाच्या ख्रिस्ती अंत्यविधीला बिशप परवानगी देऊ शकतात. मानस आईबापांचा, म्हणजे बापाचाही.

नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सेसाठी आपण नावांच्या चिठ्ठ्या देतो. नाव ठेवण्याआधीच गेलेल्याची चिठ्ठी कशी लिहावी, असे एका गृहस्थांनी मला विचारले होते. तोवर त्यांच्या घरातील त्या गोष्टीला एकवीस वर्षे झाली होती. ‘आमचे बाळ’ एवढे लिहिले तरी चालेल, असे मी त्यांना सांगितले.